जुन्या दगडी धक्क्यावर काँक्रीट ओतण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी आगबोटींच्या काळातला दगडी धक्का आहे. आता तिथे थोड्या होड्या लागतात आणि संध्याकाळी गावातली मंडळी गप्पा मारत बसतात. पर्यटनाचा निधी मंजूर व्हायच्या बेतात आहे. आराखड्यात वर काँक्रीटचा थर, त्यावर पेव्हर ब्लॉक, पाण्याकडच्या भिंतीला सिमेंटचं पॉइंटिंग (म्हणजे दगडांमधले सांधे सिमेंटने बुजवणं), स्टीलचा कठडा, हायमास्ट दिवा आणि सेल्फी पॉइंट धरला आहे. विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: यात धक्का वाचेल का, त्याचा आज उपयोग काय करता येईल आणि शेजारच्या जुन्या कस्टमच्या गोदामात हॉटेल काढावं का.

बंदरांची बांधकामं आणि दुरुस्त्या हाच माझा व्यवसाय असल्यामुळे आडपडदा न ठेवता सांगतो. आराखडा जसाच्या तसा राबवला तर धक्का जाईल. लगेच नाही जाणार. उद्घाटनाचे फोटो झकास येतील, दोन-तीन पावसाळे निघतील आणि मग भिंतीला पोट सुटायला लागेल. सेल्फी पॉइंटला लोक नावं ठेवतात, पण तो बिचारा निरुपद्रवी आहे. खरं घातक कलम आहे ते सिमेंटचं पॉइंटिंग. त्याचं कारण पुढे देतो, त्याआधी हा धक्का बांधला कशासाठी ते पाहू. त्याचा उपयोग काय करायचा, याचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

मुंबईहून सुटलेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. आधी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, पुढे चौगुले आणि मोगल लाइन. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावं साठीच्या पुढच्या कोणालाही विचारा, डोळे लकाकतात. पण एक गोष्ट या आठवणींत हमखास राहून जाते. बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागतच नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि माणसं-सामान घ्यायला पडाव, म्हणजे लहान होड्या, तिच्या कुशीला जात. लाटेबरोबर पडाव वर आला की तेवढ्या क्षणात खलाशी दंडाला धरून माणसाला उचलून घेत. पोरं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं याच वाटेने. धक्का होता तो या पडावांसाठी, मचव्यांसाठी आणि मालाच्या गलबतांसाठी. म्हणूनच त्याला उतरत्या पायऱ्या असतात, भरतीच्या वेगवेगळ्या पातळीला लोखंडी कड्या असतात आणि पायथ्याशी ओहोटीला पाणी जेमतेम असतं.

हे लक्षात घेतलं की एक स्वप्न आपोआप बाजूला पडतं. ‘इथे पुन्हा बोट लागेल, क्रूझ येईल’ असं कोणी सभेत म्हणालं तर त्याला ओहोटीच्या वेळी धक्क्यावर घेऊन जा. २०१८ साली ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा सुरू झाली तेव्हा गावोगावी अशी भाषणं झाली होती. तसल्या बोटीला लागणारी खोली तुमच्या धक्क्यापाशी आगबोटींच्या काळातही नव्हती, आणि आता तर गाळ वाढलेला आहे. नुसता गाळ काढून भागत नाही. घाटावरून उतरणाऱ्या नद्या दर पावसाळ्यात नवा आणून टाकतात आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा पुन्हा उभा राहतो. राजापूरचं उदाहरण जुनंच आहे. सतराव्या शतकात इंग्रजांनी जिथे वखार घातली, तिथवर पुढे मोठी गलबतं चढेनात आणि जहाजांचा माल खाली जैतापूरला उतरू लागला.

कोकण रेल्वेने बोटी मारल्या, हेही तितकंसं खरं नाही. रेल्वे पूर्ण मार्गावर धावली २६ जानेवारी १९९८ ला. बंदरोबंदर थांबणारी प्रवासी बोट त्याच्या बरीच आधी बंद पडली होती. तिला मारलं एसटीने, महामार्गाने आणि खाड्यांवरच्या पुलांनी. शिवाय बोट पावसाळ्यात बंद आणि एसटी बाराही महिने दारात. माहितीचा फलक लावणार असाल तर एवढं तरी नीट लिहा. आणि कृपा करून ‘शिवकालीन धक्का’ असं ठोकून देऊ नका. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे कातळात खोदलेली आंग्रेकालीन गोदी आहे. खरोखर जुनं काम कसं दिसतं ते तिथे जाऊन बघा. आज वापरात असलेले बरेचसे दगडी धक्के इंग्रजी अमदानीतले आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये बंदरांची माहिती आहे, मुंबईच्या राज्य अभिलेखागारात सार्वजनिक बांधकामाची जुनी दप्तरं आहेत. गावातल्या एखाद्या चिकाटीच्या शिक्षकाने दिवाळीच्या सुट्टीत बसून हे काढावं.

आता भिंत.

अशा धक्क्याचं तोंड काळ्या दगडाच्या घडीव चिऱ्यांचं असतं आणि पोटात भराव असतो: जांभ्याचे तुकडे, गोटे, मुरूम, वाळू. भरतीचं पाणी दगडांच्या सांध्यांतून आत शिरतं आणि ओहोटीला त्याच वाटेने बाहेर पडतं. हे गळणं नव्हे. बांधणाऱ्यांनी भिंत तशीच ठेवली होती. तुम्ही सांधे सिमेंटने बंद केले तरी पाणी आत येतंच. खालून येतं, कडेने येतं, पावसाचं वरून येतं. फक्त बाहेर पडायची वाट बंद होते. ओहोटीला समोरचं पाणी झपाट्याने उतरतं आणि आतलं तसंच कोंडून राहतं. आतली पातळी बाहेरच्यापेक्षा एक मीटर जास्त राहिली, तर खालच्या दगडांवर दर चौरस मीटरला जवळपास एक टन जादा रेटा येतो. असं दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं. जिथे सिमेंट कच्चं तिथे ते फुटतं, त्या एकाच भोकातून सगळं पाणी जोरात निघतं आणि सोबत भरावातली बारीक माती-वाळू घेऊन जातं. वर एक दिवस पेव्हर ब्लॉक खचतात. मग ‘काम निकृष्ट झालं’ म्हणून ठेकेदाराला शिव्या. खरं तर त्याने आराखड्याप्रमाणे चोख काम केलेलं असतं.

तुमच्या धक्क्याची तब्येत बघायला सुरुवातीला यंत्र लागत नाही. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत जा. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास असते, म्हणजे सर्वांत खालची ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी मिळते. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत गेलात तर पायथा उघडाच पडणार नाही आणि फेरी फुकट जाईल. बरोबर एखादा जुना तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, घ्या आणि भिंतीसमोर चिखलात उभे राहून बघा. पाणी उतरत असताना सांध्यांतून धारा लागतात. धार स्वच्छ असेल तर चिंता नाही. गढूळ असेल तर भराव निघून चाललाय. त्या दगडावर खूण करा. एखाद्या ठिकाणी कालवं सगळ्या भिंतीवर आहेत आणि एकाच पट्ट्यात नाहीत असं दिसलं, तर तिथला दगड अलीकडे हललाय किंवा लाट तिथे सारखी घासतेय. नंतर वरून ओळंबा सोडा आणि भिंत कुठे पुढे आली आहे ते मोजा. जुन्या भिंती मुळातच मागे किंचित कललेल्या असतात, त्यामुळे नुसती सरळ उभी दिसणारी भिंतसुद्धा पुढे सरकलेली असू शकते.

सगळ्यात वाईट बातमी असते ती पायथ्याशी. लाट भिंतीवर आपटून खाली जाते आणि पायथ्याची वाळू उकरते. तळाचा थर अधांतरी झाला की वर तुम्ही सोन्याचं पॉइंटिंग केलंत तरी उपयोग नाही. एक लोखंडी सळई घेऊन तळाच्या थराखाली खुपसा. हातभर आत गेली तर पैसा पहिल्यांदा तिथे लावायचा. भिंतीलगत मोठे दगड, त्याखाली लहान दगडांचा थर, असं रचून पायथा धरायचा. हे काम फोटोत दिसत नाही, भरतीला तर मुळीच दिसत नाही, म्हणून ते अंदाजपत्रकातून सगळ्यात आधी कापलं जातं. ग्रामसभेत अडून बसायचं असेल तर याच कलमावर बसा.

भिंतीची दुरुस्ती म्हणजे हललेले दगड जागेवर बसवणं, सांध्यांत दगडी चिपा ठोकणं आणि मग चुना. हा चुना कोणता, याला फार महत्त्व आहे. आपल्याकडे शिंपले भाजून केलेला चुना पूर्वापार वापरात होता, पण तो नुसता असेल तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू कडक होतो. पाण्याखाली तो आवळत नाही. त्यात भाजक्या विटेची सुरखी घातली की तो ओल्यातही धरतो. किंवा मग पाण्यातही आवळणारा हायड्रॉलिक चुना विकत आणा. महाग आहे, पण लागतो तो फक्त सांध्यांपुरता. तळाच्या भागात ठरावीक अंतरावर सांधे मोकळे सोडायचे आणि त्यांच्या मागे, वरून खोदून, भरावाकडे बारीक आणि भिंतीकडे जाड खडी अशी गाळणी करायची किंवा जिओटेक्स्टाइल कापड घालायचं, म्हणजे पाणी निघेल पण भराव राहील. भरावात पंपाने सिमेंटचं पाणी सोडायचा सल्ला कोणी देईल. तो ऐकला तर पॉइंटिंगचंच दुखणं आतून लावून घ्याल.

भिंतीचा काही भाग जांभ्याचा असेल तर तिथे सिमेंट आणखी वाईट. जांभा मऊ, सिमेंट कडक. खारं पाणी मुरतं, वाळतं, मिठाचे खडे दगडाच्या छिद्रांत फुगतात आणि दगड झिजत मागे जातो. काही वर्षांनी सिमेंटच्या रेषा जाळीसारख्या पुढे उभ्या राहतात आणि मधले चिरे खोल गेलेले असतात. किनाऱ्यावरच्या कोणत्याही जुन्या कंपाउंडच्या भिंतीत हे बघायला मिळेल.

नवं काँक्रीट करूच नये असं मी म्हणत नाही. कुठे लागलंच तर ते समुद्राच्या कायद्याने करा. भारतीय मानक ४५६ प्रमाणे भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं काँक्रीट ‘अतितीव्र’ गटात येतं: किमान एम ४० दर्जा, दर घनमीटरला किमान ३६० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० च्या आत आणि सळईवर ७५ मिलिमीटर आवरण. गावपातळीच्या अंदाजपत्रकात गटाराचं आणि धक्क्याचं काँक्रीट एकाच दराने धरलेलं मी पाहिलं आहे. एका ठिकाणी तर वाळू खाडीचीच, न धुता, आणि पाणीही बाजूच्या विहिरीचं मचूळ. क्षार सळईपर्यंत पोचले की गंज धरतो, गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा मागतं आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. जुन्या दगडी धक्क्यांना पुढे जोडलेले काँक्रीटचे तुकडे बघा. शंभर वर्षांचा दगड उभा आणि त्याच्यापुढचं चाळीस वर्षांचं काँक्रीट उघड्या सळ्या दाखवतंय, असं चित्र दिसतं.

आता उपयोग. माझं मत ठाम आहे: धक्क्याला होड्या लागत राहतील असं काहीतरी करा, बाकीचं त्याच्या मागून. भावनेपोटी म्हणत नाही. ज्या धक्क्याला रोज होडी लागते तिथला हललेला दगड तांडेलाच्या त्याच दिवशी लक्षात येतो, कारण त्याची होडी त्यावर घासते. नुसत्या फिरण्याच्या धक्क्यावर तो दगड पडेपर्यंत कोणाला पत्ता नसतो. रत्नागिरीला मांडवीचा धक्का आज लोक फिरायलाच वापरतात आणि ती जागा शहराला हवीहवीशी झाली आहे, हे खरं. पण त्यामागे जिल्ह्याच्या ठिकाणची रोजची गर्दी आहे. तुमच्या गावात जून ते सप्टेंबर धक्क्यावर कुत्रं फिरकत नसेल, तर मांडवीची नक्कल चालणार नाही.

लहान होड्यांसाठी सगळ्यात सोपी सोय म्हणजे तरंगती जेटी. जुन्या भिंतीला भार न देता, स्वतंत्र खुंटांवर धरलेली आणि बिजागरीच्या पुलाने धक्क्याला जोडलेली. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत सुमारे पाच मीटरचा फरक पडतो, दक्षिणेकडे तो कमी होत जातो आणि वेंगुर्ल्यापर्यंत जवळपास निम्म्यावर येतो. तरी अडीच मीटर म्हणजे म्हाताऱ्या माणसाला शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरायला पुष्कळ झाले. तरंगती जेटी पाण्याबरोबर वर-खाली होते, माणूस समपातळीवर चढतो. पावसाळ्याआधी ती सोडवून खाडीत आत नेऊन बांधायची. कोण नेणार, कुठे बांधणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे करारात लिहा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं आणि तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात. म्हणजे ‘पावसाळ्याआधी’ याचा अर्थ मेच्या पहिल्या आठवड्यातच धरायचा.

गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीचा विषय तुमच्याकडे निघेलच. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा इथल्या फेऱ्यांनी लोकांचे तास वाचवले आहेत. पण त्या बोटीला उभी भिंत नको असते, उतरता रॅम्प लागतो. त्यासाठी जुना धक्का फोडू नका. शेजारी, पाण्याची खोली पाहून, वेगळा रॅम्प करा. दगडी धक्का बैलगाडी आणि हमालांच्या भारासाठी बांधलेला आहे. बर्फाने भरलेला ट्रक कडेला उभा केला की त्याचा रेटा थेट भिंतीवर जातो. ढोबळ हिशेब ठेवा: भिंत जितकी उंच, निदान तितकं अंतर कडेपासून सोडून वाहन थांबवायचं. दगडाचे खुंट रोवून ती रेषा पक्की करा, पाटी लावून कोणी ऐकत नाही.

कठडा सलग नको. होडी लागते ती जागा मोकळी ठेवा, नाहीतर खलाशी आठवड्यात तो कापतील आणि बरोबरच करतील. जुन्या कड्या आणि खुंट काढू नका. हायमास्ट तर अजिबात नको. रात्री खाडीत शिरणाऱ्या तांडेलाच्या डोळ्यांवर तो झोत येतो आणि दांड्याच्या अलीकडची वाट त्याला दिसेनाशी होते. दिवे बुटके, खाली तोंड केलेले, पाण्याकडे आडोसा असलेले लावा. आणि पेव्हर ब्लॉकऐवजी दगडी फरशी, सांधे वाळूचे, खाडीकडे थोडा उतार. मासळी धुतलेलं पाणी निघून गेलं पाहिजे.

आराखडा करण्याआधी कोळणींना आणि कालवं काढणाऱ्या बायकांना विचारा. पुरुषांची सभा होते, सोसायटीचा ना-हरकत दाखला येतो, आणि जिच्या मासळीच्या वाळवणाची जागा सेल्फी पॉइंटमध्ये जाते तिला बातमी ठेकेदाराकडून कळते. भांडण तिथे सुरू होतं आणि काम अर्धवट राहतं.

परवानग्यांचं थोडक्यात. धक्का ग्रामपंचायतीच्या ताब्यात आहे असं गृहीत धरू नका. भरतीरेषेखालची जमीन सरकारची, आणि लहान बंदरांचा कारभार १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. पहिलं पत्र तुमच्या भागाच्या बंदर कार्यालयाला जाऊ दे. सागरी किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना लागू होते. आहे त्या धक्क्याची दुरुस्ती आणि नवं बांधकाम ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, एकाच अर्जात मिसळू नका. शेजारी १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं खारफुटीचं रान असेल तर त्याच्याभोवती ५० मीटरचा पट्टा संरक्षित असतो. जवळ केंद्राच्या संरक्षित यादीतला किल्ला असेल तर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तिथली छाननी अधिक बारकाईने होईल असंच धरून चला.

काम सुरू करायचं ते नारळी पौर्णिमा उलटल्यावर आणि समुद्र निवल्यावर, म्हणजे प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या आसपास. पायथ्याचं काम फक्त उधाणाच्या ओहोटीत, एका वेळी दोन-तीन तास होतं, त्यामुळे ते दर पंधरवड्याला थोडं थोडंच सरकतं. निविदेत ‘तीन महिन्यांत पूर्ण’ लिहिलं की ठेकेदार पायथा सोडून वरचं काम उरकतो. मुदत दोन हंगामांची ठेवा आणि पहिला हप्ता पायथ्याचं मोजमाप झाल्याशिवाय देऊ नका. मोजमाप ओहोटीला, तांडेलाच्या साक्षीने.

राहिलं गोदाम. हॉटेल काढायचा मोह समजतो, जागा सुंदर आहे. पण हॉटेल म्हटलं की सांडपाणी आलं, गॅस आला, गाड्या धक्क्यावर आल्या आणि किनारा नियमनाची फाइल दुप्पट जाड झाली. आधी जोत्यावरची जुनी पाण्याची खूण शोधा. वादळात पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर दिसतं. जोतं त्याच्या वर असेल तर अर्ध्या भागात फेरीचं तिकीट, बाकं आणि शौचालय, उरलेल्या अर्ध्यात जाळी ठेवायला जागा आणि बर्फाच्या पेट्या. चहाची टपरी बाहेर चालू द्या, ती कोणी न सांगता येईलच. छप्पर कौलांचंच ठेवा. पत्रा खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही आणि दुपारी आत बसवत नाही. दारं-खिडक्यांना नवं लोखंड घालू नका. पितळेच्या किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या घ्या, खर्च एकदाच होतो.